चाकाची जागा

एका खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळांमध्ये, एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. बाळांनो, ती इतकी काळजीखोर होती, की पिल्लं दोनच असूनही रोज तीनतीनदा मोजायची. त्यांना पोहायला सोडण्याआधी पाण्याला ओढ किती आहे, ते शेपूट बुडवून बघायची. मग स्वतःलाच म्हणायची, "काय बाई मी! दुसऱ्या आया करतात का असलं काही?"

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढे आटले. खाडीचं पाणी खारट. गोड्या पाण्याची काठावरची एक खोल विहीर तेवढी उरली. प्राण्यांनी ठरवलं, खाडीत लाकडी चाक बसवायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने ते फिरेल आणि वेलींच्या दोराने त्याला जोडलेला विहिरीवरचा रहाट करवंट्या भरभरून पाणी वर आणील. लाकूड मात्र एकाच चाकापुरतं होतं.

जागा ठरवायला सगळे जमले ते नेमके अमावास्येला. उधाणाची भरती! मुखाजवळच्या खडकांवर पाणी नुसतं फेसाळत होतं. "हीच जागा!" खंड्या पक्षी ऐटीत म्हणाला.

पाणमांजरी चाचरत म्हणाली, "खंड्याभाऊ, वरच्या वळणाशी एकदा बघितलं तर? मागच्या अष्टमीला माझ्या धाकट्याला तिथे पाण्याने ओढून नेलं होतं."

"वळणाशी? तिथे साधा तरंग उठत नाही! ताई, तुम्हाला काय, डबक्यातही भोवरा दिसतो!"

सगळे हसले. तीही हसली. 'असेल, माझंच चुकत असेल,' असं मनाशी म्हणाली.

चाक खडकांपाशी बसलं आणि चार दिवस झोकात फिरलं. पुढे चंद्र अर्ध्यावर आला आणि भांगाचे दिवस लागले. या दिवसांत पाणी थोडंसंच चढतं नि थोडंसंच उतरतं. चाक मंदावलं, अष्टमीला थांबलंच. धाकटं पिल्लू कोरडी करवंटी चाटत बसलेलं पाणमांजरीने पाहिलं आणि तिची सगळी भीड गळून पडली.

चाक बांधणाऱ्या खेकड्याला तिने गाठलं. "खेकडेदादा, आज सगळी खाडी पेंगतेय. आजच वळणाशी चला."

खेकडा तिथे तळाशी उतरला आणि धापा टाकत काठावर आला. "अगं ताई, वरून शांत, पण खाली माझे आठही पाय सुटले की! खाडी इथे अरुंद आहे ना, सगळं पाणी दाटीवाटीने पळतंय."

"मग चाक इथे बसवा, पण काठाला खेटून. मधली वाट मोकळी ठेवा. माशांची पिल्लं तिथूनच वर जातात. आणि माझीसुद्धा."

सगळ्यांनी मिळून चाक वळणाशी हलवलं आणि संध्याकाळच्या ओहोटीला ते फिरू लागलं. खंड्या ओशाळून म्हणाला, "ताई, तुम्हाला हे कसं कळलं?"

"कळलं कुठे, भाऊ? तुम्ही फेस बघत होतात. मी आपली, पिल्लं कुठे वाहून जातील तेवढंच बघत होते, भरतीला, ओहोटीला, रोज."

पिल्लं पोटभर पाणी प्यायली. तिने ती मोजली. मग आणखी दोनदा मोजली.

तात्पर्य : पाण्याचा जोर उधाणाच्या एका दिवसावरून ठरवू नये; त्या पाण्यात जो रोज उतरतो त्याला आधी विचारावं, मग तो कितीही घाबरट का वाटेना.