यमीचा दात

"आणि तुम्ही गेल्यावर कुणी रडत आलं, तर मी काय सांगू?"

मल्हारबुवा वळकटी बांधत होते. ऊन कललं की ते नर्मदेकडे निघणार होते, पुन्हा न येण्यासाठी. मठाची गादी आता हे विचारणाऱ्या भार्गवशास्त्र्यांची होती.

"सुचेल ते सांगा."

"तेच तर सुचत नाही! ग्रंथ तोंडपाठ आहेत, पण माणूस समोर बसला की मी तुमचंच वाक्य शोधतो. हल्ली तेही खरं वाटेनासं झालंय. वर्षभर थांबा, बुवा. तोवर माझं ज्ञान पक्कं होईल."

बुवांनी गाठ आवळली.

तेवढ्यात गोदाक्का नातीला फरफटत घेऊन आल्या.

"बुवा, दटावा हिला! दात नुसता लोंबतोय, अन् हात लावू देईना. भाकरी सोडून पेजेवर राहिलीय कार्टी."

यमीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"शास्त्र्यांना सांगा," बुवा म्हणाले.

शास्त्री गडबडले. घसा खाकरून म्हणाले, "दुधाचा दात आहे, बाळ. तो पडायचाच. मग नवा येतो."

"अन् नाही आला तर?" बोटांच्या फटीतून यमी म्हणाली. "आजीचे कुठं आले?"

गोदाक्कांनी बोळक्या तोंडाला पदर लावला.

शास्त्र्यांची मान खाली गेली. पोरीनं त्यांच्याच मनातलं विचारलं होतं.

बुवा तिच्यासमोर उकिडवे बसले. "यमे, जीभ लाव बघू. दाताच्या मागं."

"लावली."

"काय लागतं?"

"…बोचतंय."

"कधीपासनं?"

"लई दिस झाले. त्यानंच तर दुखतंय!"



यमी थबकली. पुन्हा जीभ फिरवली. मग भिंतीकडे तोंड करून तिनं एकच हिसका दिला, आणि रक्ताळल्या ओठांनी हसत अंगणात पळाली, दात कौलांवर फेकायला.

"अगं, चूळ तरी भर!" गोदाक्का मागोमाग धावल्या.

शास्त्री खिन्नपणे म्हणाले, "तिचं बरं आहे, बुवा. तिला नवा दात दिसला. मला आत काहीच दिसत नाही."

बुवांनी वळकटी खांद्यावर टाकली. दारात वाकून पायताण घातलं.

"तिला तरी कुठं दिसला, शास्त्री? बोचला."