न उजळलेल्या पेशी

“आणि ज्या उजळल्या नाहीत त्या?” डफळेबाईंनी विचारलं.

“त्या ठणठणीत,” सुजय म्हणाला. इतकी साधी गोष्ट बाईंनी विचारावी, याची त्याला गंमतच वाटली.

स्वारी हवेत होती, आणि का नसावी? जिवंत पेशीत सोडायचा एक इवलासा रेणू त्याने घडवला होता. आजाराची खूण असलेलं प्रथिन भेटलं की हा रेणू हिरवा उजळायचा. पेशी मारायला नको, चिरायला नको, नुसतं बघायचं. ज्या आजाराने त्याचा थोरला भाऊ गेला, तो आता अंगावर दिसायच्या आधीच पकडता येणार होता.

कौतुक झालं, हारतुरे झाले. पण कौतुक करणारे आपापल्या घरी गेले की सुजय एकटा उरायचा. खोलीवर बोलायला चिटपाखरू नसे. म्हणून तर पन्हाळ्याच्या उतारावर एकट्या राहणाऱ्या आपल्या जुन्या बाई त्याला इतक्या वर्षांनी आठवल्या. एरवी कोण येतंय!

आल्यावर त्याने पुढच्या दारची बेल दाबली होती. कुणी आलं नाही. घरी नसतील म्हणून तो वळलासुद्धा. पण शिकत असताना स्वयंपाकघराच्या दाराने घुसायची सवय. दूधवाल्याच्या वाटेने, निवडुंग चुकवत तो मागे गेला, तर बाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा असा काही फुलला, की सुजयला स्वतःचीच लाज वाटली.

चहा घेता घेता त्याने लॅपटॉपवर पेशींची चित्रं दाखवली. काळ्यावर हिरवे ठिपके. मग एक चित्र आलं, ते नुसतंच काळं.

“या आईच्या. रक्तातल्या,” तो म्हणाला, आणि आवाज जरासा हलला.

भावाचं झालं ते आईचं होऊ नये, हाच त्याच्या जिवाला घोर. पेशी काळ्या राहिलेल्या पाहिल्या आणि त्याने आईची पुढची मोठी तपासणी रद्दच करून टाकली होती.

बाई त्या काळ्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की आईच्या पेशींत तुझा रेणू शाबूत आहे का, हे पाहिलंस? मुद्दाम थोडं ते प्रथिन आत सोडून, मग तरी उजळतो का ते?

सुजय हसला. बाकीच्या पेशींत चालतो, तर इथेच काय धाड भरलीय त्याला? बाईंची फाटे फोडायची खोड काही गेली नाही, असं त्याच्या मनात आलं.

“आई कशी आहे?”

“बरीच असणार. काही तक्रार नाही तिची. तिचा फोनही येत नाही.”

“असेल बाबा,” बाई म्हणाल्या.

मग स्वतःचंच सांगत बसल्या. त्याच्या बरोबरीचे दोघं इथे जवळच कोल्हापुरात आहेत, येतो येतो म्हणाले होते. शेजारच्या गल्लीतल्या सुमनताईही येणार होत्या. कुणी फिरकलं नाही. हे त्या रागाने बोलल्या नाहीत. सवय झालेलं माणूस बोलतं तसं बोलल्या, आणि सुजयला ते ऐकवेना.

“बाई, मी पुढून बेल दाबली होती,” काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला. “वाजली नाही वाटतं?”

बाईंनी कप खाली ठेवला.

त्या उठल्या. पुढच्या दाराने बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. आत सुजय कान देऊन बसला. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता. अंगठा बटणावर गच्च दाबलेला होता.

घरात कसलाच आवाज नव्हता.

समोर आईच्या पेशी तशाच काळ्या होत्या. सुजयने आईला लावायला फोन हातात घेतला.

बाई आत आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या बेलकडे बघत उभ्या राहिल्या.

“मी समजत होते,” त्या म्हणाल्या, “कुणी येतच नाही.”