गोजरीला न शिकवलेला शब्द

एकदा एका नदीकाठच्या वस्तीत एक तरुण आई आपल्या लेकीला घरीच शब्द शिकवीत असे. शाळा पैलतीरावर होती, आणि ज्या नदीच्या पुरात नवरा वाहून गेला, ती ओलांडून लेकीला पाठवायचा तिला धीर होत नव्हता. भाकरी थापता थापता ती विचारी, "गोजरे, हे काय?"

"काटवट."

"आणि हे?"

"उलथनं."

सूप, चाळणी, रवी, शिंकं... घरातली एकही वस्तू बिननावाची राहिली नव्हती.

मात्र अशुभ बोलणं त्या घरात वर्ज्य होतं. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. घराबाहेर पडताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आणि मरणाचा शब्द तर आईने लेकीच्या कानावर पडूच दिला नव्हता. "बाबा गावाला गेलेत," एवढंच तिने सांगितलं होतं. शेजारणींनाही तसं बजावून ठेवलं होतं.

पण गोजरी दिवसेंदिवस वाळत चालली. ताटावर बसली की म्हणे, "बाबा आले की जेवते. येतो म्हणालेत ना." आईने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी घाबरून ती लेकीला घेऊन वस्तीतल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. लहानपणी तीही त्यांच्यापाशीच अक्षरं गिरवायला शिकली होती.

"गुरुजी, हिला एवढे शब्द येतात, पण घास काही खात नाही. पोर हातची जाईल हो माझी."

गुरुजींनी अंगणातल्या वस्तूंची नावं विचारली. पोरीने धडाधड सांगितली.

"अरे वा! आता मी घोंगडी पांघरून पडतो, गुरुजी तूच हो," ते हसले. मग एकाएकी गंभीर झाले आणि तिचं बोट धरून गोठ्याकडे निघाले. गोठ्यात पहाटे दगावलेलं वासरू पडलं होतं. आईने दुरूनच ते पाहिलं आणि ती धावली.

"गुरुजी, तिकडे नका नेऊ! लहान आहे ती!"

ते थांबले नाहीत. "गोजरे, हे काय?"

"वासरू. निजलंय."

"उठव बरं."

गोजरीने हाक मारली. मानेवरून हात फिरवला आणि पटकन मागे घेतला. "गार लागतंय. पोट पण हलत नाही."

"निजलं नाही, बाळ. ते मेलं. मेलं म्हणजे आता उठणार नाही, खाणार नाही, परत येणार नाही. त्याला दुखतही नाही आता."

गाय वासराला चाटत होती. गोजरी बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग आईकडे वळली. "आई, बाबा मेले?"

आईने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली. उत्तर तिलाच द्यायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "बाबा मेले."

"मग मला का नाही सांगितलंस?" पोरीने असा टाहो फोडला की गाय बिचकली. आईने तिला कवटाळलं. नवरा गेल्यापासून लेकीसमोर ती प्रथमच रडली. रडता रडता गुरुजींवर संतापली, "काय साधलंत हे?"

वृद्ध शांतपणे म्हणाले, "पोरी, दुःख हिला आधीच झालं होतं. घरात काय बिघडलंय ते लेकराला कळतंच. ते कुणाला सांगावं, तर नाव ठाऊक नव्हतं. तू सुपाचं नाव दिलंस, रवीचं दिलंस, आणि सगळ्यांत जड होतं ते तसंच तिच्या उरावर ठेवलंस. शब्द लपवला म्हणून तो माणूस परत येणार होता का? आता निदान दोघी मिळून रडाल."

आईने पदराने लेकीचे डोळे पुसले.

परतताना वाटेत गोजरीने विचारलं, "आई, तू पण मरशील?"

असं अभद्र बोलू नये, हे आईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

"मरेन गं कधीतरी. कधी, ते मला ठाऊक नाही. आज आहे."

त्या दिवशीही गोजरी पोटभर जेवली नाही. पण आईच्या ताटाशी बसून, मुसमुसत, तिने अर्धी भाकरी खाल्ली.

लेकरांना शब्द शिकवायला बसताना आपण कोणता शब्द टाळतो आहोत, हे आधी आपल्याच मनाला विचारावं.