एकापुरती दवंडी

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. बातम्या तेव्हा माणसाच्या पायांनी चालायच्या. त्या काळी एका राज्यात एक दवंडीवाला होता. त्याच्या डफावर थाप पडली की बाया तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात यायच्या. कारण हा गडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही ओरडतच नसे. कुणाची गाय हरवली, तर आधी जाऊन रिकामा गोठा बघणार. बाजारात गूळ आला, तर आधी खडा तोंडात टाकणार! लोक हसायचे, पण विश्वास ठेवायचे.

पलीकडच्या गावात त्याची मानलेली बहीण राहायची. नवऱ्यामागं तेलाचा घाणा तीच चालवायची. दर भाऊबीजेला ती घाण्याचं ताजं तेल वाटीत घेऊन यायची आणि त्याच्या डोक्यावर थापायची.

एके दिवशी नगरातल्या सावकारानं दवंडीवाल्याला बोलावलं. "शेकडा एक रुपया व्याजानं कर्ज देतोय. गावोगाव सांग."

"इतकं स्वस्त? शेटजी, मी बघितल्याशिवाय सांगत नसतो."

"मग बघ की!" असं म्हणून सावकारानं त्याच्या देखत आपल्या मेहुण्याला त्याच व्याजानं पैसे दिले. दवंडीवाल्याची खात्री पटली. आणखी किती जणांना देणार, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. आता काय म्हणावं या भल्या माणसाला!

डफ गावोगाव वाजला. बहिणीनंही तो ऐकला. तिच्या घाण्याचा बैल नुकताच मेला होता. ती तशीच उन्हातून नगरात आली.

"ताई, ते कर्ज संपलं हो," सावकार हळहळून म्हणाला. "पण एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हातानं कशा जाणार? हे दुसरं घ्या. व्याज जरा चढं आहे, एवढंच. घाणा तारण ठेवा म्हणजे झालं."

माझ्या दादानं ज्याची दवंडी पिटली, तो माणूस सरळच असणार, असं तिला वाटलं. तिनं अंगठा उठवला. बैल आला, पण व्याज काही फिटेना. वर्षाच्या आत सावकारानं घाणा उचलून नेला.

हे कळलं तेव्हा दवंडीवाला थेट दरबारात गेला. राजानं सावकाराला बोलावणं धाडलं.

"महाराज, मी खोटं काय बोललो?" सावकार म्हणाला. "एकाला दिलंच की!"

"एकालाच द्यायचं होतं, तर त्याच्या घरी जाऊन सांगायचंस," राजा म्हणाला. "गावोगाव डफ कशाला वाजवलास?"

राजानं सावकाराला जबर दंड केला आणि हुकूम काढला: दवंडीत जे सांगाल, ते येईल त्याला देता आलं पाहिजे. मोजकंच असेल, तर किती आहे आणि कुणाला मिळेल, हेही त्याच दवंडीत, तितक्याच मोठ्यानं सांगायचं.

हुकूम चांगला होता. पण हुकूम पुढच्यांच्या कामी येतो. बहिणीचा घाणा केव्हाच परमुलखात विकला गेला होता.

भाऊबीज आली. ती येणार नाही, असं धरून दवंडीवाला दार लोटून बसला होता. पण ती आली. हातात तीच वाटी होती. तिनं त्याच्या डोक्यावर तेल थापलं, तसा त्याला वास वेगळा लागला.

"बाजारातलं आहे रे दादा," ती म्हणाली. "यंदा चालवून घे."

"ताई, मी तुला बुडवलं गं!"

"तू कुठं खोटं बोललास? जे पाहिलंस, तेच सांगितलंस."

तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दवंडीवाला मान खाली घालून रडला. पुढं आयुष्यभर डफ हाती घेण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "येईल त्याला देणार का?" पण घाण्याचं तेल काही त्याच्या डोक्याला पुन्हा लागलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: एकापुरतं असताना साऱ्या गावाला बोलावणं, ही खोटं न बोलता केलेली फसवणूकच असते.