उत्तराचं वळण

गोठलेल्या नदीवरून जाणारी ही वाट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. डोळे बांधून सोडा, सरळ मुक्कामाच्या गुहेत नेऊन उभं करीन. मागच्या हिवाळ्यात डोळे उघडे होते तरी दोनदा आपटलो, आणि गुहा म्हणून ज्या कपारीत पातेली लावली तिथे आधीच एक याक बसलेला होता, पण ते असो. पलटणीच्या लंगरात भाकऱ्या थापायला म्हणून या मुलखात आलो, आता तुमच्यासारख्या हौशी मंडळींना खिचडी घालत हिंडतो. सांगतो ते इथल्या हमालांकडून ऐकलेलं, त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून. खरंखोटं नदीला विचारा. उन्हाळ्यात बोलते ती.

तर समोर पाहा. तो काळा कातळ नदीत नाक खुपसून उभा आहे ना, तिथे वळण आहे. बाकी नदी बघावी तिकडे पांढरी, पण इथे मधली धार कधी गोठत नाही. हिरवीगार वाहते आणि वाफ सोडते. कातळाला चिकटून बर्फाची पट्टी तेवढी धरते, ओसरीच्या कट्ट्याएवढी रुंद. तिच्यावरून एका वेळी एकानेच जायचं. आणि निघताना पुढच्याने मागच्याला एक टोमणा मारायचा, चांगला झोंबेलसा. मागच्याने उत्तर इथे द्यायचं नाही. पोटात ठेवायचं, वळण ओलांडायचं आणि पलीकडे गेल्यावर द्यायचं. पुण्याची मंडळी आली की इथे फार खोळंबा होतो. उत्तर पोटात ठेवणं म्हणजे त्यांना उपासच घडतो.

ही रीत मोरूपपासून पडली, असे सांगतात.

मोरूप वरच्या अंगाच्या एका लहानशा गावचा. म्हातारा झाला तरी टवाळी सुटली नव्हती. मठातल्या लामाच्या टकलाला सोडलं नाही, की स्वतःच्या याकाच्या पोटाला. पण खरा जोर बायकोवर, छोरोलवर. आणि छोरोल काय ऐकून घेणारी होती? याने एक म्हणावं, तिने चुलीवरचं भांडं खाली न ठेवता परत करावं. शेजारीपाजारी म्हणे हिवाळ्यात मुद्दाम त्यांच्याकडे येऊन बसत. शेकोटीही मिळे आणि भांडणही.

मूल झालं नाही दोघांना. घरात हे दोघं, आणि उंबऱ्यात एक केसाळ कुत्रा.

एका हिवाळ्यात छोरोलच्या छातीत दुखणं बसलं. मोरूप सकाळी म्हणाला, "आज तुझा चेहरा बघून याकीण दूध द्यायची थांबली." छोरोलने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने वाट पाहिली. चहा निवला. उत्तर आलंच नाही.

तेव्हा तो भ्यायला. खोकल्याला भ्यायला नव्हता, तापाला भ्यायला नव्हता, त्या गप्प बसण्याला भ्यायला.

दुखणं उतरवील असा वैद्य एकच, तोही नदीच्या खालच्या अंगाला. खिंडी बर्फाने बंद. वाट म्हणजे नदीच. मोरूपने लाकडी घसरगाडी काढली, तिच्यावर घोंगड्या टाकल्या, त्यांत छोरोलला गुंडाळलं आणि दोरी खांद्याला लावून निघाला. हातात काठी. पुढचा बर्फ ठोकायचा, कान द्यायचा. भरीव आवाज आला तर पाऊल टाकायचं, पोकळ आला तर वाट बदलायची.

वाटभर तो तिला डिवचत राहिला म्हणे. तिचं चपटं नाक, तिचा तो वाकडा भाऊ, लग्नात तिने घातलेला तो उसना झगा. मागून काही नाही. घसरगाडीचा करकर आवाज तेवढा. मध्ये एकदा ती पुटपुटली, "झोप येते रे." त्या थंडीत अशी झोप आलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे त्या मुलखातल्या मेंढरालाही कळतं.

आणि मग हे वळण आलं.

मोरूपने पट्टी ठोकून पाहिली. धड भरीव नाही, धड पोकळ नाही. एक माणूस पेलेल, तोही आडवा होऊन सरपटत गेला तर. घसरगाडी नेली तर तिच्या फळ्या बर्फ कापणार. पाठीवर घेतली तर दोघांचं ओझं एका जागी. दोरी बांधून पलीकडून ओढावी, तर वाट कातळाला वळसा घालून जाते; दोरी सरळ ओढली जाणार आणि बाई मधल्या धारेत. म्हणजे छोरोलला स्वतःच जायला हवं होतं, आपल्या कोपरांवर. आणि ती तर डोळेही उघडत नव्हती.

तो तिच्याजवळ बसला. तिच्या भुवयांवर बसलेलं हीव त्याने अंगठ्याने पुसलं. म्हणाला, "छोरोल, उठ." ती म्हणाली, "तू जा. मी इथेच बरी आहे." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. लग्न झाल्यापासून इतकं गोड ती त्याच्याशी बोलली नव्हती.

मोरूप उभा राहिला. घोंगड्या सोडल्या, तिला पालथी करून पट्टीच्या तोंडाशी आणून ठेवलं. मग मोठ्याने म्हणाला, "तर जाता जाता ऐकून ठेव, म्हातारे. तुझा तो मिठाचा चहा. तू रोज लोणी घालून, घुसळून घुसळून हात दुखवून करतेस तो. लग्न झाल्यापासून मी एक घोट घेतलेला नाही. तुझी पाठ वळली की सगळा कुत्र्याला ओतत आलो."

छोरोलचे डोळे उघडले.

हे सपशेल खोटं होतं. वाटीच्या बुडाला बोट फिरवून चाटणारा माणूस तो. पण असलं त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं. नाकाला बोलला, भावाला बोलला, चहाला नाही. तिचे ओठ हलले. मोरूपने चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "इथे नको. इथे वारा फार, मला ऐकू येत नाही. पलीकडे येऊन सांग." आणि वळला, पोटावर आडवा झाला, आणि गेला.

कातळापलीकडे जाऊन बसला. मागचं काही दिसत नव्हतं. धारेचा आवाज तेवढा. परत फिरता येत नव्हतं, कारण ती पट्टीवर असली तर त्याच्या वजनाने दोघंही जाणार. तो बसून राहिला, आणि तेव्हा त्याला कळलं म्हणे, आपण काय करून बसलो. ती आली नाही तर? तर जन्माच्या जोडीदारिणीला आपण सांगितलेली शेवटची गोष्ट ही. तुझा चहा कुत्र्याला घातला. आजवर कितीदा वाटलं होतं, आज म्हणावं, छान झालाय. दरवेळी तोंडून दुसरंच निघालं होतं. आयुष्यभर लोकांना हसवलेला तो म्हातारा तिथे कातळाला डोकं टेकून तेवढं एकच वाक्य पुटपुटत राहिला, ऐकायला कुणी नसताना.

मग बर्फ खरवडल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. बराच वेळ काही नाही. आणि कातळाच्या कडेने एक हातमोजा पुढे आला, मागून दुसरा, मागून छोरोल. तोंड निळं पडलेलं, दात वाजतायत, पण डोळे असे पेटलेले की मोरूप दोन हात मागे सरकला.

त्याने तिला ओढून घेतलं, झग्याचा पट्टा सोडून तिचे दोन्ही हात स्वतःच्या पोटाला लावले. मनात घोळलेलं ते वाक्य बोलायला त्याने तोंड उघडलं. तिने डोकं हलवून त्याला गप्प केलं. आधी तिचं बोलून व्हायचं होतं.

ती वैद्यापर्यंत पोचली, उन्हाळ्यात चालत घरी परतली आणि पुढे बरीच वर्षं मोरूपला पुरून उरली, असे सांगतात. आजही या वळणावर हमाल एकमेकांना टोमणा मारूनच पुढे सरकतात. नवरा-बायको असोत, साहेब-चाकर असोत, सुटका नाही. आणि पलीकडे उत्तर मिळालं की टोमणा मारणाऱ्याने त्यावर काही बोलायचं नाही, हात पोटाशी घेऊन नुसतं ऐकायचं. मोरूप तेव्हा बोलला नव्हता. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी बोलला नव्हता.

छोरोलने आधी श्वास जमवला. मग त्याच्या छातीवर कपाळ टेकून म्हणाली,

"तरीच, म्हाताऱ्या. इतकी वर्षं माझा चहा पिऊन शेपूट हलवली ती एकट्या कुत्र्यानेच."