फुलोऱ्यातलं उधाण

“पाणी आत येणारच नाही, असं करता येईल का, बाबा? एक थेंबसुद्धा?”

हरेश्वर मोकलने हे तिसऱ्यांदा विचारलं.

उघाडीच्या दगडावर बसलेल्या म्हाताऱ्या फकिराने पाय खाडीत सोडले होते. पाणी घोट्यांपर्यंत आलं होतं. मघाशी ते बोटांपाशी होतं.

खाडीच्या बांधात जो दरवाजा असतो, ती उघाडी. दगडी खाचांत एकावर एक चार फळ्या. भरतीला त्या बसवायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला काढायच्या, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. साऱ्या गावाच्या भाताचा जीव त्या चार फळ्यांत. त्या फळ्या सांभाळत फकिराचे काळ्याचे पांढरे झाले. त्याचं नाव काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. गाव त्याला फळीबाबा म्हणे.

हरेश्वरला मात्र तालुकाभर नाव होतं. भाताचा डॉक्टर. खाडीपलीकडच्या गावात जन्मलेला, चिखलात वाढलेला, शिकून मोठा झालेला. खाऱ्या मातीत दुप्पट पिकेल असं भात त्याने सात वर्षं खपून काढलं. माणूस कष्टाचा, त्यात खोट नाही. पण ‘माझं भात’ म्हणताना त्याची मान अशी काही ताठ व्हायची, की पोटच्या पोराचं कौतुक करणारा बापसुद्धा लाजावा.

उघाडीला लागून गावाने त्याला चार खाचरं दिली होती. चौफेर वेगळा बांध घालून, म्हणजे तिथलं बरंवाईट तिथेच राहावं. प्रत्येक खाचरात अर्ध्यात त्याचं नवं भात, अर्ध्यात गावाचं जुनं लाल भात. नवं कंबरेला लागेल एवढं, दाट, डोळ्यांत भरणारं. लाल भात शेजारी उभं होतं, दूरच्या नातेवाइकासारखं, अंग चोरून.

कापणी झाली की नव्या भाताचं बी घरोघर वाटायचं ठरलं होतं. चाळीस उंबरे. सगळे तुकड्या-तुकड्यांचे धनी, आणि खारजमीन वर्षाला एकदाच देते. त्या एकदाच्या देण्यावर त्यांचं वर्षाचं पोट.

आणि आज सर्वपित्री अवस. उधाणाची भरती दुपारी साडेबाराला पुरी भरणार होती.

“करता येईल की,” फकीर म्हणाला. “फटींत पेंढा कोंबायचा, वर चिखल थापायचा. गेली दोन वर्षं तुझ्यासाठी तेच करतोय.”

“मग यंदाही करा.”

“केलंय. सकाळीच.”

हरेश्वरने सुस्कारा टाकला. रुमालाने कपाळ पुसलं.

“पण का रे, डॉक्टर?”

“काय, का?”

“तुझं भात खारं पाणी सोसतं ना?”

“सोसतं तर! त्यासाठीच काढलंय.”

“मग पाण्याला भितंय कोण? भात, की तू?”

हरेश्वर हसला. शिकलेला माणूस अडाण्याला समजावण्याआधी हसतो, तसा.

“भिण्याचा प्रश्न नाही, बाबा. प्रयोगाला शिस्त असते. खारं पाणी मी पाजून बघितलंय. टाक्यांमध्ये. मीठ मोजून, दिवस मोजून.”

“केव्हा?”

“रोप एकवीस दिवसांचं असताना.”

“आता केवढं आहे?”

“नव्वदच्या पुढे. निसवलंय. फुलोऱ्यात आहे.”

“फुलोऱ्यात पाजलंस कधी?”

खाडीकाठच्या तिवरांतून एक बगळा उडाला, हवेत जरा थांबल्यासारखा झाला, आणि पलीकडे उतरला.

“ते... पुढच्या टप्प्यात घ्यायचं आहे.”

“घे की.” फकिराने हनुवटीने खाडी दाखवली. “टप्पा दाराशी आलाय.”

हरेश्वरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बाबा, सात वर्षं गेलीत त्यात. तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

“नाही कळत,” फकीर म्हणाला. “मला फळी कळते.”

तो उठला. फळ्या काढायची लोखंडी आकडी त्याने हरेश्वरच्या हातात दिली आणि भेंडीच्या डेरेदार झाडाखाली जाऊन आडवा झाला.

“अहो, भरती चढतेय!”

“म्हणून तर तुला बसवला.”

त्याने तोंडावर फडकं घेतलं. थोड्या वेळाने फडकं श्वासाबरोबर वर-खाली होऊ लागलं.

हरेश्वर दगडावर बसला. आकडी मांडीवर.

डावीकडे खाडी, उजवीकडे भात. दुपार अशी निवांत, की पाण्याचं चढणं ऐकू यावं. वारा पडला होता. तिवरं बुडत चालली. आधी मुळं गेली, मग खोडं, मग नुसते हिरवे गोळे पाण्यावर ठेवल्यासारखे उरले. आता खाडी शेताहून उंच झाली होती. लांबून एक होडी आली. माणूस वल्हं मारत नव्हता, नुसता उभा होता. बांधाआडून ती अशी सरकत गेली, जणू भाताच्या शेंड्यांवरूनच चाललीय.

आणि भात फुललं होतं.

भाताचं फूल दिवसाकाठी तास-दोन तासच उघडतं, तेही उन्हं चढल्यावर. ज्यांनी जन्मभर भात खाल्ला त्यांतल्या कितींनी ते पाहिलं असेल? टरफलाच्या दोन पाकळ्या चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तशी उघडतात. आतून पांढरे कण धाग्यांवर लोंबकळतात. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं, तर दाणा. नाही झालं, तर पळिंज. वरून लोंबी तशीच, आत काही नाही.

चार खाचरांवर पांढरा धूसर थर तरंगत होता. हरेश्वरला वाटलं, हे आपण स्वप्नात पाहतोय.

पण स्वप्नातही माणसाला जे ठाऊक असतं ते ठाऊकच असतं. कोवळं रोप मीठ सोसतं, म्हणून फुलातलं झाड सोसेलच असं नाही. एखादं सोसतं, एखादं वरून हिरवंगार राहून आतून पोकळ होतं. हे हरेश्वरला पक्कं माहीत होतं. त्यानेच ते लिहिलं होतं. आपल्या प्रबंधात, तळटिपेत, बारीक अक्षरांत.

पुस्तकातलं मोठ्या अक्षरातलं माणूस जगाला सांगतो. बारीक अक्षरातलं स्वतःलासुद्धा सांगत नाही.

“डॉक्टरभाऊ!”

बांधावरून पाड्यातली नामीबाय येत होती. खांद्यावर पदर, हातात केळीचं पान. पान तिने उघाडीजवळच्या धोंड्यावर ठेवलं आणि आभाळाकडे बघून हाका मारल्या, “काव, काव, काव!”

पानावर खीर होती, वडे होते आणि लालसर भाताची मूद होती.

“पितरांना लाल भात?” हरेश्वर म्हणाला.

“शेवटचा. पोटभर खाऊन घ्या म्हनलं.” ती हसली. “राखनीचं बी होतं ना कनगीत, त्याचाच शिजवला.”

राखणीचं बी म्हणजे बांधाला खांड पडली, पेरलेलं वाहून गेलं, तर दुसऱ्यांदा पेरायला ठेवलेलं. उपाशी राहिले तरी त्याला कुणी हात लावत नसे.

“राखणीचं? सगळं?”

“सगलं. औंदाच्या कापनीतलं पन ठेवनार नाय, दलून खानार. माझंच नाय, आमच्या पाड्यात कुनीच नाय ठेवनार. आता कशाला? तुमी हाव ना.”

तुमी हाव ना...

कावळा आला. मान तिरकी करून त्याने मूद पाहिली आणि पहिली चोच लाल भातातच घातली.

“शिवला!” नामीबायने हात जोडले. “चला, सगली खूश.” ती वळली आणि चालू लागली.

हरेश्वर तिच्या पाठीकडे बघत राहिला. दहा पावलं. वीस पावलं. नुसतं एक वाक्य ओरडायचं होतं. पण ते वाक्य ओरडलं की ती विचारणार, का? आणि त्या ‘का’चं खरं उत्तर फार आखूड होतं. सात वर्षांत ते त्याच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं.

चाळीस पावलं.

“काकी!”

“ओ?”

“लाल भाताचं बी ठेवा! यंदाचं. सगळ्यांना सांगा!”

“कशाला?”

हरेश्वरने आकडी दगडावर ठेवली.

“मला... मला ठाऊक नाही, काकी. माझं भात फुलोऱ्यात उधाण सोसेल का, ते मला ठाऊक नाही.”

नामीबायने कमरेवर हात ठेवले.

“अगो बाय! डॉक्टरलाच ठाऊक नाय?” ती जोरात हसली. मग हसणं थांबलं. “मंग पेरा-पेरा काय लावलं होतंव एवढं? मी राखनीचं शिजवून बसले, मेल्या!”

तिला उत्तर नको होतं. ती तरातरा पाड्याकडे निघाली. बऱ्याच लांबून तिचा आवाज येत राहिला. कुणाकुणाला हाका मारत होती, आणि मधे ‘डॉक्टर’ हा शब्द फेकत होती, खडा मारावा तसा.

हरेश्वर उठला.

विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. आधी तो खाचरांवरून पुढे गावाच्या शेताकडे जाणाऱ्या पाटाच्या टोकाला गेला आणि ते तोंड मातीने बुजवलं. दोन्ही हातांनी, चांगलं चेचून, म्हणजे गावाच्या शेतात खारा थेंब जाऊ नये. मग पहिल्या खाचराचा बांध फोडला. मग तिसऱ्याचा. दुसऱ्याला आणि चौथ्याला हात लावला नाही.

परत येऊन त्याने फटीतला पेंढा उपसला. चिखल ओला होता, फकिराच्या बोटांचे ठसे त्यात तसेच होते. आकडी अडकवली आणि वरची फळी ओढली.

फळी हलली नाही.

पुन्हा ओढली.

ती आली तशी खाडी आत आली. गाजावाजा नाही. हिरवट, गुळगुळीत, ओळखीच्या घरात शिरावं तशी. पाटातून वळली, पहिल्या खाचरात पसरली, मग तिसऱ्यात. फुलांतून गळलेला पांढरा चुरा पाण्यावर आला आणि फिरू लागला. एक चिमुकला मासा नव्या भाताच्या बुंध्यातून निघून लाल भाताच्या बुंध्यात गेला. त्याला दोन्ही सारखीच.

पाणी नडगीपर्यंत आलं तेव्हा हरेश्वरने फळी खाचेत बसवली, फटी बुजवल्या आणि तो पहिल्या खाचरात जाऊन उभा राहिला. त्याने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं.

तोंड वाकडं झालं.

किती वेळ गेला कोण जाणे. एकेक फूल मिटत गेलं. दोन पाकळ्या एकमेकींना लागल्या की आत काय झालं ते कापणीपर्यंत कुणालाच कळत नाही. भात काढणाऱ्यालाही नाही.

बांधावर सावली पडली. फकीर उठून आला होता. झोपला होता की नव्हता, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याने खाचरांवरून नजर फिरवली.

“दोनच?”

“दोन तशीच हवीत ना, बाबा. ताडून बघायला.”

फकिराने मान डोलावली. हे त्याला पटलं. तो बांधावर उकिडवा बसला.

दोघंही पाण्याकडे बघत राहिले. पाण्यात आभाळ होतं, आभाळात भात उलटं उभं होतं.

“बाबा.” हरेश्वरचा आवाज अगदी लहान झाला होता. “जगेल का हे?”

फकिराने वळून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“आत्ता कुठे खरं विचारलंस.”