कोटाचे माप

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याचे दिवस भरत आले होते, आणि घरात त्याच्याखेरीज सगळ्यांना ते सांगून झाले होते. त्याला मात्र काही कळू द्यायचे नाही, असा थोरल्या भावाचा हुकूम. त्याच्यासमोर रडायचे नाही, अशी शपथ थोरल्याने व्यापाऱ्याच्या बायकोला देवघरात घातली होती.

मुलीच्या लग्नाला तू उभा राहशील, हे पटवायला थोरल्याने लग्नाच्या कोटासाठी शिंपी बोलावला. दोघांनी धरून रोग्याला बसवले. फीत छातीभोवती फिरली तसा तो कण्हला. बायको ओठ आवळून हसत राहिली. शेजारी बसलेले वृद्ध वैद्य शिंप्याला म्हणाले, ‘‘जरा सैल शिवा. अंग भरेल.’’

त्यांच्या शिष्याच्या डोक्यात तिडीक गेली. अंगणात येताच तो म्हणाला, ‘‘अंग भरेल? गुरुजी, आठवडा काढणार नाही, हे सकाळी तुम्हीच मला सांगितलंत! ती बाई मघाशी मला विचारत होती, यांचा निरोप घ्यायचा तरी कधी? काय सांगू तिला? थोरल्यांची परवानगी आण म्हणून? केस पिकले की खोटं बोलायची मुभा मिळते का?’’

वैद्य थबकले. मागे फिरले. बायकोला आत ठेवून त्यांनी बाकी सगळ्यांना खोलीबाहेर काढले, बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्याशी फतकल मारून बसले.

‘‘वैद्यबुवा, वेड लागलं का? ती सांगून टाकेल! तो खचेल!’’ थोरला ओरडला.

‘‘त्याला कधीच कळलंय. ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला लग्नाच्या कोटाचं माप कशाला घेतात हे कळत नाही? तो तुमच्यासाठी गप्प, तीही तुमच्यासाठी गप्प. भ्यालात तुम्ही, आणि सोसायचं त्या दोघांनी! त्याच्या वेदनेला मी औषध दिलं. तुमच्या भीतीलाही द्यायला हवं होतं, तिथं मी तुमची मर्जी राखली. शिष्यानं माझी लाज काढली, योग्यच केलं. आता बसा इथं. रडू आलं तर रडा, मी आहे.’’

आतून हुंदका आला. मग रोग्याचा क्षीण आवाज : ‘‘किती दिवस दम धरलास गं! ये, अशी जवळ बस. माझ्यापायी पोरीचं लग्न लांबवू नकोस.’’

थोरला रडत खाली बसू लागला. शिष्याचा राग उतरला नव्हता. तरी तो सरकला आणि त्याने थोरल्याला भिंतीशी जागा करून दिली.

रोग्याला जपतो म्हणताना आपण स्वतःलाच तर जपत नाही ना, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावे.